वाचली

शेलूबाजारला एका तेल्याच्या दुकानात परवा मी एक नरसाळे पाहिले आणि पायरीवरच थबकलो. वास्तविक मी तेथे एका पक्षकाराच्या फेरफाराच्या कामी गेलो होतो. पटवाऱ्याला गाठायचे होते. शिवाय मंगरूळच्या कचेरीसमोर ज्याच्या चटईपुढे सकाळपासून माणसे बसून असतात, अशा गृहस्थाने भर बाजारात तेलाच्या पिंपाकडे टक लावून उभे राहावे, हे शोभणारेही नव्हते. परंतु त्या नरसाळ्याच्या रुंद तोंडाला तांबड्या रंगाचा पट्टा होता, आणि पट्ट्याखाली अंगठा बसेल एवढा पोचा होता. तो पोचा माझ्या हातून पडलेला आहे.

मी अर्जनवीस आहे असे कळताच तेल्याने गादीखालून एक पत्र काढून माझ्यापुढे धरले. त्याचा मुलगा अकोल्यास कापसाच्या जिनात कामाला होता. पत्र येऊन चार दिवस झाले होते आणि वाचून देणारा भेटला नव्हता. मी म्हणालो, वाचतो, पण आधी ते नरसाळे जरा हाती दे. त्याला नवल वाटले असावे. तरी त्याने ते फडक्याने पुसले आणि दिले. एका हातात पत्र आणि एका हातात ती तेलकट पत्र्याची वस्तू घेऊन मी पायरीवर टेकलो.

ते नरसाळे नव्हतेच. तो कर्णा होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी, याच बाजाराच्या मैदानात, त्याच्या निमुळत्या टोकाला तोंड लावून मी एक अख्खे गाव बुडताना लोकांना वाचून दाखविले होते.

त्या वेळी माझे वय वीसच्या आतबाहेर होते. मराठी सहावीपर्यंत माझे शिक्षण झाले होते आणि एका कापसाच्या अडत्याकडे मी लिहिण्याच्या कामावर होतो. अक्षर तेव्हाही असेच होते, मोत्याच्या सरीसारखे. ते मी कोणाकडून शिकलेलो नाही. माघात वेचणी सरत आली की बाजाराला निराळाच वास येई. कापसाने भरलेल्या बैलबंड्यांच्या ओळी रस्त्याला लागलेल्या असत आणि दुतर्फा बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकत. वाऱ्याने ते हलत, पण सुटत नसत. नवा गूळ, बैलांच्या अंगाची ऊब, शेव तळण्याचे तेल, आणि माळ्यांच्या बायांनी पाट्यांतून आणलेल्या सांबाराचा, म्हणजे पुणेकर ज्याला कोथिंबीर म्हणतात तिचा, तो हिरवा, ओला वास. त्याच दिवसांत तंबू येई. दारावर ढोल वाजे, कार्बाइडचे दिवे फुसफुसत, आणि दिवेलागणीला दोन गडी बादल्या घेऊन पडद्यावर पाणी मारीत. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसते. त्यामुळे पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बाया मागे. आम्ही ज्याला डावीकडे जाताना पाहत असू, तो त्यांना उजवीकडे जाताना दिसे. परंतु जाणारा दोघांच्याही लेखी उगवतीकडेच जात असे, कारण तंबूच तसा ठोकलेला होता. हे मी पुढे पुष्कळ विचार करून काढलेले आहे.

चित्रे तेव्हा मुकी होती. मध्येच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे येत, आणि तंबूवाल्यांचा एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून कर्ण्यातून ती पाटी वाचून दाखवी. त्या वर्षी त्यांचा तो माणूस तापाने आडवा झाला. मालकांना सारे खाँसाहेब म्हणत. ते अडतीवर चौकशी करीत आले, की गावात वाचणारा कोण आहे. शेटजींनी माझ्याकडे बोट केले. इंग्रजी येते का, असे खाँसाहेबांनी विचारले तेव्हा मी, येते, असे म्हणालो. इंग्रजीची पहिली इयत्ता मी चार महिने शिकलो होतो. अक्षरे सर्व ओळखीची होती. फक्त ती एकत्र उभी राहिली की मला अनोळखी होत.

चित्र विलायती होते. पहिल्या पाटीवर चार ओळी आल्या आणि मी घसा खाकरून काहीतरी बोललो. काय बोललो ते आता स्मरत नाही. नंतर गाव दिसले. उतरत्या छपरांची घरे, मध्ये नदी, आणि मागे डोंगर. तो डोंगर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पांढराशुभ्र होता. एवढे पांढरे आम्ही दुसरे काय पाहिले होते? पाटी आली. मी ती नीट न्याहाळली आणि पूर्ण आत्मविश्वासाने कर्ण्यातून सांगितले, की या गावी यंदा कापूस अतोनात पिकला आहे.

लोकांना ते तत्काळ पटले. घरांवर कापूस, झाडांवर कापूस, रस्त्यात कापूस. इतका वेचायला बाया कोठून आणल्या असतील, याची मागे चर्चा सुरू झाली. एक म्हातारा बंडीवाला म्हणाला, "सरकी काढेल दिसते. सरकीचा कापूस इतका हलका उडत नाही." पडद्यामागून एका बाईने विचारले, की हा सारा एकाच मालकाचा की गावाचा? मी म्हणालो, गावाचा. त्यामुळे सर्वांना बरे वाटले.

मग तो डोंगर हलला. वरून एक पट्टा सुटला, त्याच्यामागे दुसरा, आणि पाहता पाहता सारी पांढरी भिंत खाली आली. लोक चटईवरून उठून उभे राहिले. कापसाखाली माणसे गाडली जातात हे कोणी ऐकलेले नव्हते, परंतु डोळ्यांसमोर जात होती. नदी तुंबली, फुगली आणि गावात शिरली. पाणी मात्र ओळखीचे होते. त्याला वाचणारा लागत नव्हता. मी कर्णा खाली केला.

एका घराचे छप्पर सुटून वाहू लागले. छपरावर एक मुलगी बसली होती. केस सुटलेले, एक हात वर.

येथे सुभद्रामायची हकीकत सांगितली पाहिजे. नदीकाठी माळ्यांच्या वाड्या होत्या, त्यांतली एक भिकाजी माळ्याची. सुभद्रामाय त्याची बायको. त्यांची एकुलती मुलगी काशी, सोळा वर्षांची, केनवडला दिलेली. ती पंचमीला माहेरी आली होती आणि झोका अजून चिंचेवरून सोडायचा होता, तेव्हा पूर आला. ही चित्राच्या चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाडीतले कुडाचे घर पाण्याने उचलले. काशी छपरावर चढली होती. ती उगवतीच्या अंगाला वाहत गेली. बांधावरून सारे माळी पाहत होते. वळणाजवळ तिने हात वर केला, एवढे सर्वांनी पाहिले. पुढे काही नाही. प्रेत मिळाले नाही. भिकाजीचे म्हणणे होते, की पोरीच्या नावाने पाणी सोडून तिला मोकळी करावी. मी आहे तोवर ते होऊ दे, असे तो म्हणे. सुभद्रामाय ऐकत नसे. पाणी सोडायचे म्हणजे आपल्या हाताने मारायचे, असे ती म्हणे. वाडी पुन्हा उभी केल्यावर तिने सांबाराचा एक वाफा काशीचा म्हणून राखला होता. त्यातली जुडी ती विकत नसे. गर्भारशीला, लेकुरवाळीला तशीच देई. बाजारात सर्वांना हे ठाऊक होते आणि त्या वाफ्यातले सांबार कोणी मागून घेत नसे.

तिने त्या दिवशी तंबूत यावे म्हणून कोणी आग्रह केला, ते मला माहीत नाही. ती आली होती आणि मागे बायांत बसली होती.

छप्पर वळणापर्यंत गेले. मुलीचा हात वर होता. तेवढ्यात एक शेवटची पाटी आली, दोन ओळींची, आणि तिच्यामागून काहीच आले नाही. पडदा कोरा पांढरा झाला. यंत्राचा दांडा फिरत राहिला आणि त्या ओल्या कापडावर नुसता उजेड पडून राहिला. पुढची फीत खाँसाहेबांकडे नव्हतीच, हे मला नंतर कळले. त्या क्षणी माझ्यापुढे एकच काळजी होती, की ती शेवटची पाटी मला वाचता आली नव्हती आणि लोक माझ्याकडे पाहत होते.

पडद्यामागून, जणू ते छप्पर जेथे दिसेनासे झाले तेथूनच, एका बाईचा आवाज आला.

"बापू, वाचली का?"

मला वाटले, पाटीविषयी विचारीत आहेत. पाटी वाचली का, की तुला येतच नाही? माझे कान तापले. मी कर्णा उचलला आणि तंबूच्या बाहेर ढोलवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो,

"वाचली!"

पडद्यामागे इतक्या बायांनी एकदम श्वास सोडला, की ते ओले कापड माझ्याकडे फुगून आले. मग कोणी रडू लागले आणि बाकीच्या तिला धरून, वाचली माय, वाचली, असे म्हणू लागल्या. मला अर्थ कळला तेव्हा कर्णा हातातून निसटून तंबूच्या खुंटीवर आदळला होता. तोच हा पोचा.

मी तेव्हाच सांगू शकलो असतो. पडदा ओलांडून चार पावले जायचे होते. परंतु तसे केले असते तर मला इंग्रजी येत नाही हेही सांगावे लागले असते, आणि मी ते सांगितले नाही. माणसे बाहेर पडल्यावर खाँसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, "मियाँ, वो कपास नहीं, बर्फ थी." मग म्हणाले, की हरकत नाही, लोक रडले तर खरे. मी त्यांना विचारले, त्या मुलीचे शेवटी काय होते? त्यांनी स्वतःच ते पाहिलेले नव्हते. त्यांचा माणूस रोज निराळे सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सुभद्रामाय अडतीवर आली. पाटीत सांबार होते, सारे त्या वाफ्यातले. ते माझ्या चौरंगावर ठेवून ती खाली बसली. तिचे म्हणणे सरळ होते. ती विलायती पोर जर कोणी खालच्या अंगाला काढली, तर आपली काढली नसेल कशावरून? सरकारने खालच्या गावांत विचारावे. तसा कागद पाहिजे.

मी लिहिला. माझ्या हातचा तो पहिला अर्ज. आज या कामात माझा जो काही लौकिक आहे, त्याचा आरंभ तेथे आहे, हे मी लपवीत नाही. अर्जदार गरीब व अज्ञान असून तिला सरकाराशिवाय कोणी वाली नाही, असा मजकूर मी जुन्या नकलांवरून उचलला. मुलीचे नाव काशी, जौजे किसन, म्हणजे किसनची बायको, वय पुराच्या वेळी सोळा. राहणार केनवड. त्यापुढे हल्ली मुक्काम लिहावा लागतो. मी बोरू थांबविला.

"हल्ली मुक्काम म्हंजे काय?" सुभद्रामायने विचारले.

आता कोठे असते ते, असे मी सांगितले.

ती पुष्कळ वेळ रस्त्यावरच्या बाभळींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लेह, खालतं हाये. गाव मालूम नाही."

मी तसेच लिहिले: नदीच्या खालच्या अंगास, गाव माहीत नाही. तिने अंगठा उठविला. तो अंगठा सांबाराच्या रसाने आधीच हिरवा होता, आणि शाईत त्याची एक कड हिरवटच उमटली.

आठ-पंधरा दिवसांनी भिकाजी आला. तो भांडायला आला असेल म्हणून मी शब्द जुळवून ठेवले होते. तो उंबऱ्यावर बसला आणि पागोटे काढून मांडीवर ठेवले. "बापू, तू वाचली मनलं. आता ते रोज सांजी नदीवर जाऊन बसून राह्यली. मी पानी द्यावं मनलं तं मले मनते, जित्या पोरीले पानी देतेत का?" तो म्हणाला, "तुले वाचता येते म्हनून इचारतो. काहून सांगतलं तसं?" मी त्याला, तपास चालू आहे, असे उत्तर दिले. सरकारी काम, वेळ लागतो. ते उत्तर मी पुढे हजारो लोकांना दिले आहे, आणि दर वेळी मला ते मांडीवरचे पागोटे दिसते.

ती मात्र दर बाजाराला येई. कागद आला का, एवढेच विचारी. मी नाही म्हणे. ती जुडी ठेवून जाई. तंबूतल्या बर्फाची गोष्ट तोवर गावभर झाली होती आणि बंडीवाले मला कापूसमास्तर म्हणू लागले होते. तिच्याही कानी ती गेली असणार, हे माझ्या मनात येई आणि मी दुसरा विचार करू लागे. वेचणी आली आणि गेली. बाभळींचे काटे पांढरे झाले आणि पावसाने पुन्हा धुऊन निघाले. तंबू दुसऱ्या वर्षी आलाच नाही. कोठेतरी जप्तीत गेला म्हणतात. त्याचे सामान याच बाजारात विकले गेले असावे.

भाद्रपदात, पितृपक्ष लागला त्याच आठवड्यात, कोतवालाने माळ्यांच्या वाडीत कागद पोहोचविला. सुभद्रामाय तो पदरात बांधून भर दुपारी अडतीवर आली. भिकाजी मागे होता, पण रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला.

कागद मराठीत होता, चांगल्या अक्षरात. मी मनात वाचला. सारे सहा ओळींत होते. मी वर पाहिले. कर्णा नव्हता, पडदा नव्हता, आणि तरी ते ओले कापड माझ्याकडे फुगून आल्यासारखे वाटले. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर त्या बाईला कधीच कळले नसते. माझे तोंड उघडलेही होते. तेवढ्यात तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जसं लेहेलं हाये तसंच वाचजो, बापू. आता कापूस नोको सांगू."

मी वाचले. सदरहू काशी, जौजे किसन, वय सोळा, राहणार केनवड, हिचा नदीच्या खालच्या अंगाच्या गावी तपास केला असता ठावठिकाणा लागला नाही. ही स्त्री हयात असल्याचे आढळून येत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

तिने पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, निस्तं नाव वाच. मी नाव वाचले आणि तिला त्यावर बोट ठेवू दिले. काशीचे नाव त्यापूर्वी कोठेही लिहिलेले नव्हते. शाळेत नव्हते, पटवाऱ्याच्या दप्तरात नव्हते, लग्नाच्या चिठ्ठीत कन्या एवढेच होते. एकदा माझ्या अर्जात आणि एकदा या उत्तरात, अशी ती दोनदाच कागदावर आली.

तेव्हा मी सांगितले. माय, मला इंग्रजी येत नव्हते. तुम्ही मुलीचे विचारले आणि मी पाटीचे सांगितले. इतक्या महिन्यांचे ते ओझे मी तीन वाक्यांत खाली ठेवले आणि ती आता काय म्हणते, याची वाट पाहत बसलो.

सुभद्रामायने कागदाची घडी घातली. "मालूम होतं," ती म्हणाली. "पन तू वाचली मनलं म्हनून दीड वरीस वाचली ते माह्या घरी. पह्यले तं पान्यात होती."

मग तिने वळून रस्त्यापलीकडे पाहिले आणि हाक मारून नवऱ्याला एवढेच सांगितले, की पळस आणा.

ज्याचे शरीर मिळत नाही, त्याचा पळसाच्या पानादेठांचा पुतळा करतात. भादव्यात पळस हिरवागार असतो, पाने थाळीएवढी. माळ्यांच्या बायांनी नदीकाठी बसून तो पुतळा बांधला. लांबीला सोळा वर्षांच्या मुलीएवढा असावा, म्हणून सुभद्रामायने काशीचे लुगडे शेजारी पसरून माप घेतले. मी तेथे होतो. मला बोलावणे होते. तोंडाच्या जागी नारळ ठेवला, आणि छातीवर तिने पदरातून तो कागद काढून ठेवला, नावाची बाजू वर करून. भटजींनी काही हरकत घेतली नाही. ओल्या पळसाचा धूर आधी जमिनीलगत पसरला, नंतर उचलला आणि नदीवरून उगवतीकडे गेला. भिकाजीने पाणी सोडले. नदी त्या दिवशी घोट्याएवढी होती, आणि तिच्यात आभाळ दिसत होते.

त्या वर्षी काशीच्या वाफ्यातले सांबार तिने कोणाला दिले नाही आणि खुडलेही नाही. त्याला पांढरी बारीक फुले आली, मग धने धरले, आणि वाफा आपोआप वाळून गेला. पुढच्या खेपेला तेथे वांगी होती. आता ती वाडीही नाही. दोघेही गेले. मी पुढे मंगरूळला आलो, चटई टाकली, आणि भाषेच्या कारणाने माझा एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. पक्षकाराला अर्ज मी दोनदा वाचून दाखवितो आणि मगच अंगठा घेतो. माझे समव्यवसायी याला वेळेचा अपव्यय म्हणतात.

तेल्याने दोन गिऱ्हाइके आटोपली होती. माझ्या धोतरावर तेलाचा डाग पडला होता, तो मला आताच दिसला. मी कर्ण्याचे निमुळते टोक कानाला लावून पाहिले. आत बाजाराचाच आवाज घुमत होता, फक्त जरा लांबून. पत्र दुसऱ्या हातात तसेच होते.

तेली पुढे वाकला आणि त्याने काळजीच्या सुरात विचारले, "सायेब, वाचली का?"

"कोण?" मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातल्या पत्राकडे बोट केले. "चिठ्ठी," तो म्हणाला. "दुसरं कोन?"

मी कर्णा त्याच्या पिंपावर पालथा ठेवला, चष्मा पुसला, आणि पत्र जसे लिहिले होते तसे पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.